नंबर तोच हवा

दादाने भिंतीवर आपटून फोडलेला फोन बिलात मात्र अजून जिवंत होता. बाबांनी तो घेतला तेव्हा कंपनीने फोन आणि कनेक्शन एकाच गाठोड्यात बांधून दिलं होतं. फोनचे हप्ते बिलातूनच कापले जायचे. पुढे हप्ते संपले, बाबा गेले, फोनचा चुरा झाला, तरी बिल काही खाली उतरलं नाही. घरातून कुणी विचारलं नाही, म्हणून कंपनीनेही आपणहून सांगितलं नाही. फोनमधलं कार्ड तेवढं वाचलं होतं, आणि ते आता एका बटणांच्या साध्या फोनमध्ये निमूट काम करत होतं.

धाकट्याच्या हे लक्षात आलं तेव्हा दादा आवारात क्रेनखाली आडवा पडून वंगण देत होता.

"दादा, आपण नसलेल्या फोनचे पैसे भरतोय."

"मग नको भरूस."

"तसं नाही रे. आता नुसतं कार्ड घ्यायचं. फोन आपल्याकडे आहेच. नुसत्या कार्डाचा प्लॅन निम्म्याहून कमी पडतो."

दादा पाठीवर सरपटत बाहेर आला. हातातला पाना त्याने धाकट्याच्या छातीवर टेकवला आणि हळूहळू दाबला, हाडाला लागेपर्यंत.

"स्वस्त आण नाहीतर फुकट आण. नंबर तोच हवा. बाबांचा नंबर गेला ना, बारक्या, तर याच हुकाला तुला उलटा टांगीन."

दादा अशा वेळी गंमत करत नसे. धाकट्याच्या मनगटाचं हाड एकदा त्याच्याच हातून मोडलेलं होतं. वहिनी त्या हाताला कंटाळूनच माहेरी गेली, ती परत फिरकली नाही. आई म्हणायची, "याचं तोंड उघडायच्या आत हात बोलून मोकळा होतो."

क्रेनवाल्याच्या धंद्यात नंबराला इतकं महत्त्व का, ते नीट समजून घ्यायला हवं. मोठ्या रस्त्यावर कुणाची तरी गाडी बंद पडते, नाहीतर खड्ड्यात जाते. गाडीवाल्याला त्या भागातलं कुत्रंही ओळखत नसतं. मग तो चहाच्या टपरीवर विचारतो, पेट्रोल पंपावर विचारतो, पोलिसाला विचारतो. ही माणसं जो नंबर सांगतील त्या क्रेनला काम मिळतं. बाबांनी उभी हयात घालवून एकच नंबर या सगळ्यांच्या तोंडी बसवला होता. ज्याच्याकडे असा नंबर नसतो, त्याला क्रेन घेऊन धोक्याच्या वळणावर ताटकळत उभं राहावं लागतं. गाडी अडकली की दुसऱ्याच्या आधी पोहोचावं लागतं. आणि दोघे एकदम पोहोचले, तर ज्याचा हात जड त्याचं काम.

त्या रस्त्यावर असा एक होता. त्याची क्रेन हिरवी होती. खांद्यावर थेट डोकं ठेवल्यासारखा दिसायचा, मान अशी नव्हतीच. सगळे त्याला गेंडा म्हणत, आणि तो त्या नावाला ओ देई. वळणावर त्याने आजवर बऱ्याच जणांचे दात पाडले होते. बाबांनी मात्र आयुष्यात कुणाला चापट मारली नव्हती. त्यांना गरजच पडली नाही, कारण त्यांचा फोन वाजायचा.

तेव्हा धाकटा कामाला लागला, आणि त्याने ते काम मनापासून केलं. बाजारातल्या दुकानात काउंटरवरच्या मुलीने त्याच्यासमोर तीन प्लॅन ठेवले. एकात इंटरनेट इतकं, की दिवसभर सिनेमे बघितले तरी उरावं. दुसऱ्यात गाणी, खेळ आणि कसली कसली चॅनेलं. तिसऱ्यात नुसतं बोलणं, आणि चिमूटभर इंटरनेट.

"लोक पहिला घेतात," मुलगी म्हणाली.

"आम्हाला फोन येतात. आम्ही क्रेन घेऊन जातो. यात सिनेमा कुठे आला?"

ती हसली. "मग तिसरा घ्या. सगळ्यांत स्वस्त तोच आहे."

पण धाकट्याने लगेच हो म्हटलं नाही. प्लॅन स्वस्त आहे खरा, पण डोंगराच्या वळणावर त्याचा आवाज पोहोचतो का? त्याने या नव्या कंपनीचं कार्ड असलेले ओळखीतल्या दोघांचे फोन मागून घेतले, वळणावर गेला, दरीच्या कठड्याशी उभा राहून बोलला, खाली ओढ्यापाशी उतरून बोलला. या कंपनीचा आवाज सगळीकडे खणखणीत येत होता. मग तो दुकानात परत आला.

"हाच द्या. पण नंबर तोच ठेवायचाय."

"मग जुन्या कंपनीकडून कोड घेऊन या. मेसेजवर येतो."

इथवर सगळं बरोबर होतं. चूक झाली ती पुढे, आणि ती चूक एखाद्या क्रेनवाल्याच्या पोरानेच करावी अशी होती. बाबांची एक शिस्त होती. हुकाला लावलेली गाडी मालकाच्या ताब्यात देऊन मोकळी केल्याशिवाय दुसऱ्या गाडीला हात लावायचा नाही. एका हुकावर दोन गाड्यांचा भार आला की तार तुटते आणि माणूस मरतो. ही शिस्त धाकट्याच्या हाडीमाशी भिनली होती. त्याला वाटलं, कंपन्यांचंही तसंच असणार. आधी जुन्यापासून सुटायचं, मग नव्याला जोडायचं. कोड म्हणजे सुटल्याची पावती असेल, सगळं मिटलं की देतील.

त्याने दादाच्याच फोनवरून जुन्या कंपनीला फोन लावला. पलीकडचा मुलगा मधाळ आवाजात बोलत होता.

"सर, आम्हाला सोडून का जाताय? तुमच्यासाठी खास सवलत आहे."

"इतकी वर्षं कुठे होती सवलत?"

"सर, आजच आलीय."

"काही नको. आमचं सगळं मिटवून टाका. मागे काही राहायला नको."

"म्हणजे कनेक्शन बंद करायचंय, सर?"

"हो. अगदी बंद."

"फोनवर आलेले आकडे सांगा."

धाकट्याने आकडे वाचून दाखवले. मुलाने त्याला दिवस चांगला जावो म्हटलं. कोड काही आला नाही. उद्या येईल, असं म्हणत धाकट्याने फोन दादाच्या खाटेवर ठेवला.

दुसऱ्या दिवशी तो दुकानात गेला. मुलीने संगणकात नंबर टाकला आणि कपाळाला हात लावला.

"बंद केलात?"

"मिटवून आलो. आता तुम्ही जोडा."

"अहो, काय जोडू? नंबर चालू असतानाच हलवायचा असतो. चालू नंबर आम्ही ओढून घेतो, मग जुनी गाठ आपोआप सुटते. तुम्ही आधीच सोडून दिलात. मधल्यामध्ये तो पडला ना खाली."

धाकट्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्याचा चेहरा पाहून मुलीने आवाज खाली आणला. "जुन्या कंपनीच्या ऑफिसात जा. बंद झालेला नंबर थोडा वेळ बाजूला ठेवतात ते. आत्ताच्या आत्ता जा."

तो पळतच गेला. ऑफिसातल्या चष्मेवाल्या कारकुनाने शांतपणे ऐकून घेतलं.

"मिळेल. उद्या संध्याकाळी ऑफिस बंद होईपर्यंत मिळेल. त्यानंतर नंबर बाजारात जाईल, दुसऱ्या कुणाला तरी मिळेल. नंबर कुणाच्या नावावर आहे?"

"माझ्या दादाच्या. बाबा गेल्यावर त्याच्या नावावर केला."

"मग त्यांना घेऊन या. या कॅमेऱ्यासमोर उभं राहायचं, चेहरा जुळला की दोन मिनिटांत नंबर चालू."

"बंद करताना तर चेहरा लागला नाही."

"बंद करायला नाही लागत," कारकून म्हणाला.

धाकट्याचा जीव भांड्यात पडला. एवढंच तर करायचं होतं. दादाला एक वाक्य सांगायचं, आणि उद्या इथे आणून उभं करायचं. शिव्या बसतील, एखादी लाथ बसेल. त्याची त्याला सवय होती. घरी जाताना त्याने ते वाक्य मनात घोळवलं: नंबर परत मिळतोय, फक्त तू ये.

वळणावर गर्दी दिसली. मालाने भरलेला एक टेम्पो पुढच्या चाकाने नाल्यात गेला होता. त्याच्या मागच्या बाजूला हिरव्या क्रेनचा हुक अडकवलेला होता. आणि टेम्पोशेजारी रस्त्यात दादा गेंड्याच्या छाताडावर बसून त्याला मारत होता.

धाकट्याने दादाची मारामारी पूर्वी पाहिली होती, पण अशी नाही. दादा मुठीने मारत नव्हता, कोपराने मारत होता, वरून खाली, मोगरीने कपडे बडवावेत तसा. गेंड्याच्या कपाळाची कातडी उघडी पडली होती. मग गेंड्याने गुडघा वर घेतला, दादा कळवळून एका बाजूला झाला, आणि गेंड्याने त्याचा कान पकडून त्याचं डोकं टेम्पोच्या पत्र्यावर हाणलं. पत्रा वाजला. एकदा, मग पुन्हा. दादाने त्याच्या अंगठ्याचा चावा घेतला आणि सोडला नाही. गेंडा बैलासारखा ओरडला.

"पंपावर कळलं म्हणून आलो! आमच्या गिऱ्हाइकाला हुक लावतोस?" दादा रक्त थुंकत म्हणाला.

"अरे, तुझं कसलं गिऱ्हाईक! त्याने आधी तुलाच फोन लावला होता! विचार त्याला! तुझाच नंबर मेलाय!"

टेम्पोवाला क्लीनरच्या बाजूच्या दारामागे दडला होता. तिथूनच तो म्हणाला, "खरंय हो, भाऊ. पंपवाल्याने तुमचाच नंबर दिला. कितीदा लावला. ती बाई म्हणते, हा क्रमांक सेवेत नाही."

दादाने खिशातून फोन काढला. बटणं दाबली, कानाला लावला, पुन्हा समोर धरला. मग त्याने मान वर केली, आणि गर्दीत त्याला धाकटा दिसला.

धाकट्याची मानगूट धरून त्याने त्याला आपल्या क्रेनमध्ये कोंबलं आणि घराच्या आवारापर्यंत क्रेन एका दमात आणली. वाटेत धाकट्याने तोंड उघडलं तेव्हा गिअर बदलणारा हात उलटा त्याच्या बरगडीत बसला. नंतर त्याला श्वासच घेता येईना, तो बोलणार कुठून.

आवारात दादाने फाटक लावून घेतलं. क्रेनवरची साखळी उतरवली, मनगटाला एक वेढा दिला.

"काय केलंस नंबरचं?"

"दादा, नंबर परत मि—"

साखळी पाठीवर आली. सुरुवातीला दुखत नाही, फक्त गरम वाटतं. मग ते गरम आत उतरतं.

"काय केलंस!"

"ऐकून घे, उद्या संध्या—"

साखळी खांद्यावर आली. शर्ट फाटला, त्याखालची कातडी फाटली. धाकटा गुडघ्यांवर आला.

"बाबांनी जन्म घातला त्यात! जन्म!"

"तू आलास तर—"

साखळी पुन्हा आली. हे असंच चाललं. ज्या वाक्याने सगळं वाचणार होतं ते वाक्य धाकट्याच्या तोंडात तयार होतं, आणि प्रत्येक वेळी त्याचे दोन शब्द बाहेर पडले की तिसऱ्यावर साखळी येत होती. तो हात जोडत होता, दादाला वाटत होतं दयेसाठी जोडतोय. तो "थांब" म्हणत होता, दादाला वाटत होतं रडतोय. तो क्रेनच्या चाकाकडे सरपटला. चाकाशी टामी पडलेली होती. टामी म्हणजे चाकाचे नट खोलायला पान्यात घालतात ती हातभर लांब लोखंडी कांब. धाकट्याच्या बोटांना ती लागली.

दादाला मारावं असं त्याच्या मनात नव्हतं. त्याला फक्त एक वाक्य पुरं करण्यापुरती शांतता हवी होती.

तो वळला आणि त्याने टामी फिरवली. ती दादाच्या तोंडावर आडवी बसली. सुकी फळी मोडावी तसा आवाज झाला. दादा उभाच राहिला, आश्चर्य वाटल्यासारखा. धाकट्याने पुन्हा मारलं, आणि हे दुसरं मारणं वाक्यासाठी नव्हतं. ते त्या मोडलेल्या मनगटासाठी होतं, वहिनीसाठी होतं, पाठीतल्या त्या गरम रेघांसाठी होतं. हात हलका झाला, आणि त्याला बरं वाटलं. दादा कोसळला. नाकाचं हाड एका बाजूला गेलं होतं, डावा डोळा मिटत चालला होता, जबडा नीट बसत नव्हता.

आता आवारात शांतता होती. धाकटा धापा टाकत त्याच्यासमोर उकिडवा बसला.

"नंबर परत मिळतोय," तो म्हणाला. "उद्या संध्याकाळपर्यंत. फक्त तू यायचं. कॅमेऱ्यासमोर तोंड दाखवायचं."

आई दारात उभी होती. कधीपासून, कोण जाणे. पाण्याची बादली आणि फडकं घेऊन ती आली आणि दादाचं डोकं मांडीवर घेतलं.

"एवढंच सांगायचं होतं?" तिने धाकट्याला विचारलं.

"हो."

तिने फडकं पिळलं, की बादलीतलं पाणी दरवेळी जास्त लाल होत होतं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून निघायलाच दुपार उलटली. नाकावर पट्टी, जबड्याखालून डोक्यापर्यंत पट्टी, मधून उजवा डोळा तेवढा उघडा. दादा चालत होता, पण बोलत नव्हता. बोलला असता तर धाकट्याला जरा बरं वाटलं असतं. ऑफिसातली माणसं त्याला पाहून आपसूक बाजूला झाली आणि रांग त्यांच्यासाठी मोकळी झाली.

कारकुनाने चष्मा पुसला. "हेच का?"

"हेच. पडला जिन्यावरून," धाकटा म्हणाला.

कॅमेऱ्याच्या पडद्यावर एक गोल दिसत होता. त्यात चेहरा नीट बसवायचा, मग गोल हिरवा व्हायचा. दादाचा चेहरा गोलात आला. गोल लाल झाला.

"पट्टी काढावी लागेल."

"टाके अजून ताजे आहेत हो."

दादाने स्वतःच पट्टी ओढली. ती सुकलेल्या रक्ताला चिकटली होती, सुटताना सोबत बरंच काही घेऊन आली. मागे एक बाई "अगं बाई गं" म्हणाली. दादा गोलासमोर उभा राहिला. ओठ फुटलेला, डोळ्याच्या जागी निळी गाठ, गाल कानापर्यंत फुगलेला. गोल लाल झाला. पुन्हा लाल झाला.

"चेहरा जुळत नाही," कारकून म्हणाला. "बोटाचा ठसा बघू."

दादाने अंगठा काचेवर ठेवला. लोखंडी तार ओढून ओढून त्या बोटांवरच्या रेषा कधीच झिजल्या होत्या. यंत्र प्रत्येक बोटाला बारीकसा नकार वाजवत गेलं. दोन्ही हात संपले.

"माझ्याकडे ओळखपत्र आहे त्याचं," धाकटा म्हणाला. "फोटो बघा ना. तुम्हाला दिसत नाही का, हाच आहे?"

"मला दिसतंय हो. मला पटतंयसुद्धा. पण मला पटून काय उपयोग? सूज उतरली की या."

"तोवर नंबर?"

कारकुनाने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. शिपाई पलीकडच्या खिडक्या लावू लागला होता.

दादाने काउंटरवरून हात घालून कारकुनाची कॉलर धरली आणि त्याला अर्धा वर ओढून घेतलं. चष्मा पडला. पहारेकऱ्याची काठी दादाच्या पाठीवर बसली, मग मानेवर. धाकट्याने ती काठी धरली, पहारेकऱ्याचा हात मागे पिरगाळला, खांद्यात काहीतरी कट्कन वाजलं. बायका ओरडत बाहेर पळाल्या. "पोलिसांना बोलवा," कुणीतरी म्हणत होतं. दादाने कारकुनाचं कपाळ एकदा काउंटरवर आपटलं आणि मग, कंटाळा आल्यासारखं, त्याला सोडून दिलं.

ते फुटपाथवर आले तेव्हा मागे शटर खाली येत होतं. बाबांचा नंबर गेला.

बाजारातल्या दुकानात मुलीने दोघांकडे पाहिलं आणि नंबराबद्दल काही विचारलं नाही.

"तोच प्लॅन," धाकटा म्हणाला. "स्वस्तातला. नवा नंबर द्या."

"कुणाच्या नावावर?"

धाकट्याने दादाकडे पाहिलं. दादा जमिनीकडे पाहत होता.

"माझ्या."

कॅमेरा त्याच्याकडे वळला. दादाने त्याची पाठ सोलून काढली होती, पण तोंडाला हात लावला नव्हता. गोल पहिल्याच वेळी हिरवा झाला. मुलीने कार्ड फोनमध्ये बसवलं आणि नवा नंबर छापलेलं पाकीट काउंटरवर ठेवलं. ते दादाने उचलून घेतलं आणि क्रेनमध्ये बसल्यावरही मुठीत धरून ठेवलं.

आता हा फोन वाजणार नव्हता. टपरीवर, पंपावर, चौकीवर कुणालाच हा नंबर ठाऊक नव्हता. म्हणून धाकट्याने क्रेन घराकडे वळवली नाही. नंबर नसलेले जिथे उभे राहतात, तिथे त्याने ती नेली.

वळणावर एक पांढरी मोटार कठड्याला घासून आडवी झाली होती. तिचा मालक, पांढऱ्या शर्टातला एक माणूस, हात वर करून उभा होता. समोरून हिरवी क्रेनही येत होती. दोन्ही क्रेन एकदम थांबल्या. गेंड्याच्या कपाळावर पट्टी होती, अंगठ्यालाही होती.

"काय रे बारक्या," गेंडा खाली उतरत म्हणाला, "आज तुला पुढे केलं होय? आणि तुझ्या भावाच्या थोबाडाचं हे काय झालं? मी तर एवढं मारलं नव्हतं!"

"मी मारलं," धाकटा म्हणाला.

गेंड्याला हसू आलं. ते हसू ओठांवर असतानाच धाकट्याची टामी त्याच्या गुडघ्यावर बसली. गेंडा वाकला, तसा दुसरा फटका खांद्यावर बसला. तरी त्याने धाकट्याच्या कमरेला मिठी घातली आणि दोघेही कठड्यावर आदळले. पाठीवरच्या सगळ्या जखमा एकदम उघडल्या. धाकट्याला क्षणभर दिसेनासं झालं. त्याने चाचपडत गेंड्याच्या कपाळावरची पट्टी शोधली आणि त्या पट्टीवर आपलं डोकं हाणलं. पुन्हा हाणलं. तिसऱ्यांदा हाणल्यावर मिठी सुटली. गेंडा रस्त्यात बसला आणि त्याने हात वर केला. पुरे, असं त्याला म्हणायचं होतं. धाकट्याने आणखी एकदा मारलं, मगच थांबला.

दादा क्रेनमधून एका डोळ्याने बघत होता. तो उतरला नाही.

मोटारीचा मालक कठड्याला चिकटून उभा होता. त्याचा रंग उडाला होता. धाकट्याने हुक ओढून आणला, मोटारीखाली वाकून अडकवला, तार गुंडाळायची विंच हळूहळू फिरवली, तार कुठे घासत नाही ना ते बघितलं. हे काम तो बाबांसारखंच करत असे, सावकाश आणि नीट. मोटार रस्त्यावर सरळ उभी राहिली.

"तुमचा... तुमचा नंबर द्या," मालक म्हणाला. धाकट्याच्या हातावरचं रक्त दिसू नये म्हणून तो फोनकडेच बघत होता. "आमच्या कंपनीच्या गाड्या रोज इथून जातात."

धाकट्याने तोंड उघडलं आणि एका दमात नंबर सांगितला. लहानपणापासून पाठ होता, विचार करावाच लागला नाही. मालकाने तो दाबला, फोन कानाला लावला, आणि गोंधळून धाकट्याकडे पाहिलं.

"हा सेवेत नाही म्हणतात."

धाकट्याने ओठांवरून जीभ फिरवली. नवा नंबर त्याला आठवेना. सुरुवात कशाने होते तेही आठवेना.

क्रेनचं दार करकरलं. दादा अर्धा बाहेर झुकला होता. मुठीतलं पाकीट उघड्या डोळ्याजवळ धरून तो आकडे वाचू लागला. फुटलेल्या जबड्यातून शब्द नीट बाहेर पडत नव्हते.

"काय म्हणालात?" मालकाने विचारलं.

दादाने रक्त गिळलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. या वेळी एकेक आकडा सुटा करून, मालकाने मान हलवली की मगच पुढचा.